घरकुलाचा हप्ता आणि गवंड्याची कोंडी

ग्रामीण भागातील बांधकाम म्हटले, की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर रस्ते आणि पुलांची कामे घेणारे बडे ठेकेदार उभे राहतात. प्रत्यक्षात खेड्यातील साधी घरे उभी राहतात ती दोन-चार बिगारी हाताशी धरून काम करणाऱ्या गवंड्याच्या बळावर. त्याच्याकडे ना कार्यालय असते, ना करारनामा. गावातील पत हेच त्याचे भांडवल. शासकीय घरकुलांमुळे त्याला काम मिळते. पण त्याची कोंडीही तेथेच होते.

इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरले. अर्थसाह्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये निश्चित झाले. सपाट प्रदेशातील रकमेचा हिशेब मांडला, तर चौरस फुटामागे साडेचारशे रुपयेही पडत नाहीत. शौचालयाचे अनुदान आणि रोजगार हमीची मजुरी यांची वेगळी जोड देण्यात आली, तरी सिमेंट, सळई, विटा आणि वाळू घेतल्यावर गवंड्याच्या मजुरीसाठी फारसे उरत नाही.

या योजनेत शासकीय यंत्रणेने ठेकेदार नेमण्यास मनाई आहे. घर लाभार्थ्यानेच बांधावे, हा त्यामागील हेतू. साहजिकच लाभार्थी गावातील गवंडी गाठतो आणि काम उक्ते ठरते. अनुदान मात्र हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. झालेल्या कामाची छायाचित्रे आणि पडताळणी यांवर पुढील हप्ता अवलंबून असतो. बिगाऱ्यांना मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी रोख पैसे द्यावे लागतात. हप्ता लांबला, की गवंडी उसनवारी करतो किंवा काम थांबवून दुसरीकडे जातो. त्यातच पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद राहतात. मे महिना हातचा गेला, की बांधकाम दिवाळीपलीकडे ढकलले जाते. गावोगावी दिसणाऱ्या अर्धवट जोत्यांमागे आळसापेक्षा अनेकदा हीच रोकडटंचाई असते.

योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. कौशल्य वाढले, तरी हिशेबातील ही फट त्याने बुजत नाही. केंद्राने २०२४ मध्ये योजना २०२८-२९ पर्यंत वाढवून आणखी २ कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. ते गाठायचे, तर पडताळणी ठराविक दिवसांत व्हावी आणि मजुरीचा दर आरंभीच लेखी ठरावा. एवढे झाले, तरी गवंड्याला उसनवारीविना घर पुरे करता येईल.