पोटातील दुखणे आणि श्वासातील खूण



चुलीचा धूर पाहून आत ओले लाकूड जळते की सुके, हे घरची माउली ओळखते. शरीराचेही तसेच आहे. अन्नाचे पचन व ज्वलन होताना तयार झालेली शेकडो सूक्ष्म द्रव्ये रक्तात, लघवीत व श्वासात उतरतात. ती एकत्र मोजून आतला बिघाड ओळखण्याच्या शास्त्राला मेटाबोलोमिक्स म्हणतात. जठराचा कर्करोग लवकर कळावा म्हणून या शास्त्राचा उपयोग करण्याचे संशोधन चालू आहे.

याचे मूळ जुने आहे. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी वापरतात व लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले.

रक्ताची अशी चाचणी अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. मात्र याच तत्त्वावरील श्वासाची एक तपासणी दवाखान्यांत आली आहे. ती हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी असते. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरन यांनी हा जंतू जठरातून काढून वाढवला. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तो कर्करोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. आपण शेतात टाकलेल्या युरियाचा मातीतले जंतू अमोनिया करतात. हा जंतू जठरात तेच करतो. म्हणून रुग्णाला खूण केलेला थोडा युरिया पाजतात. जंतू असेल तर ती खूण श्वासात सापडते.

आपल्या देशात हा रोग मिझोराममध्ये सर्वाधिक आहे. तेथील बहुसंख्य लोक आपलेच ख्रिस्ती बांधव. धुरावलेले मांस आणि तंबाखूच्या धुराचे पाणी यांचा या रोगाशी संबंध तेथील अभ्यासात आढळला. आपल्या घरांत ते पाणी नसेल, पण मिश्री, तंबाखू आणि विडी आहेच.

तेव्हा एवढे करा. तंबाखू सोडा. खारवलेले पदार्थ बेताने खा. पाणी शुद्ध करून प्या. जंतू सापडल्यास डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर टाकू नका. भूक मंदावणे, दोन घासांत पोट भरणे, वजन घटणे, काळे शौच किंवा रक्ताची उलटी दिसली, तर “पित्त आहे” म्हणून सोडा पीत महिने घालवू नका. दुर्बिणीने तपासणी करून घ्या. पेरणी आटोपू दे, मग पाहू, असे म्हणू नका. शेत पुढच्या वर्षीही पेरता येते. देवाने दिलेला देह मात्र एकच आहे.