आईची केदारनाथची खरेदी आणि कापडातलं पाणी

परवा जेवणं झाल्यावर आईने तिचा फोन माझ्यापुढे धरला. "अगं, तू कापडातच पीएचडी करतेस ना? मग सांग, यातलं कुठलं घेऊ?"

कार्टमध्ये सहा कुर्ते होते. सगळ्यांच्या नावात कुठे ना कुठे 'ट्रॅव्हल' हा शब्द. कुणी 'ब्रीदेबल', कुणी 'फ्लोई', कुणी 'रिंकल फ्री'. आम्ही दोघी सप्टेंबरअखेर केदारनाथला जातोय. गौरीकुंडापासून साधारण 16 किलोमीटरची चढण, मंदिर 3,583 मीटरवर, आणि पाऊस कधी गाठेल याचा नेम नाही. आई 58 वर्षांची आहे. घोडा नको, चालतच जायचं हा एक हट्ट, आणि "ट्रॅकपँट घालून मी देवाच्या दारात जाणार नाही" हा दुसरा.

माझ्या संशोधनाचा विषय म्हणजे घाम आणि पाणी कापडातून कसं ये-जा करतं. एरवी घरी त्याचा कुणाला उपयोग नसतो! पण या कार्टचा निकाल लावायला नेमकं तेच लागतं. तुम्हीही प्रवासासाठी ऑनलाइन कपडे घेत असाल, तर विशेषणं सोडून द्या. पान खाली सरकवा आणि 'फॅब्रिक' असं लिहिलेली ओळ शोधा.

धागा किती पाणी पितो?

आमच्या प्रयोगशाळेत एक आकडा रोज लागतो: मॉइश्चर रीगेन. पूर्ण कोरडा धागा 20 अंश तापमानाच्या आणि 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला, तर स्वतःच्या वजनाच्या किती टक्के ओलावा ओढून घेतो, ते हा आकडा सांगतो. पॉलिएस्टर सुमारे 0.4 टक्के. नायलॉन 4. कापूस 8 च्या आसपास. व्हिस्कोस, म्हणजे आपल्या कुर्त्यांच्या पानांवरचं 'रेयॉन', 11 ते 13. आणि लोकर जवळजवळ 16.

हा फरक कशामुळे? कापूस आणि रेयॉन दोन्ही सेल्युलोजचे. सेल्युलोजच्या साखळीवर पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा भरपूर असतात. पॉलिएस्टरच्या साखळीवर तशा जागा जवळपास नाहीतच.

आता यातली गंमत बघा. पॉलिएस्टर 'लवकर वाळतं' म्हणजे त्यातलं पाणी जास्त वेगाने उडतं असं नाही. ओल्या पृष्ठभागावरून पाणी उडण्याचा वेग सगळ्या कापडांचा साधारण सारखाच असतो. वाळायला किती वेळ लागेल ते मुख्यतः कापडाने एकूण किती पाणी धरलंय यावर ठरतं. यातलं बरंचसं पाणी धाग्यांच्या मधल्या फटीत अडकलेलं असतं. म्हणून जाड पॉलिएस्टरही रात्रभर ओलं राहू शकतं.

इथे दुसरा आकडा कामाला येतो: जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. कुर्त्याला 2 चौरस मीटर कापड लागलं असं धरू. 100 जीएसएमचा कुर्ता 200 ग्रॅमचा, 180 जीएसएमचा 360 ग्रॅमचा. जड कुर्ता बॅगेतही जड आणि दोरीवरही जास्त वेळ. जीएसएम सगळ्या पानांवर नसतो, पण असेल तर नक्की बघा.

ओला कुर्ता आणि आईची ऊब

आईचं म्हणणं एकच: "सुती ते सुती." मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात मी तिच्याशी भांडणार नाही. राजस्थानच्या कोरड्या उकाड्यात तर सुती कापडाने धरलेला घाम हळूहळू उडतो आणि अंगाला गारवा देतो. पण डोंगरावर हाच गुण उलटतो.

एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे 2,400 ज्यूल उष्णता लागते. समजा कुर्त्यात 200 ग्रॅम पाणी आहे. ते सगळं उडायला जी ऊर्जा लागेल, तेवढ्यात जवळपास दीड लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत तापेल. ही सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, काही हवेतूनही येते. पण कुर्ता अंगाला चिकटलेला असेल तर मोठा वाटा अंगाचाच. त्यात पाणी उष्णता वाहून नेतं ते स्थिर हवेच्या 20 पटींहून जास्त. म्हणजे चढण संपली, आई दगडावर टेकली, वारा सुटला, की तिला हुडहुडी भरणार. अशा वेळी शरीराचं तापमान घसरणं ही खरी धोक्याची गोष्ट आहे. वय वाढतं तसा हा धोकाही वाढतो.

मग लोकर 16 टक्के पिते, तिचं काय? लोकरीचा धागा ओलावा आत ओढतो, पण त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो. शिवाय कुरळेपणामुळे धाग्यांमध्ये हवा टिकून राहते. म्हणून दमट लोकरही ऊब देते.

रेयॉनचं मात्र अवघड आहे. ते सुळसुळीत पडतं आणि फोटोत छान दिसतं. पण ओलं झालं की साध्या व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्म्यावर येते. रोज रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये पिळायचा कपडा हा नव्हे. आईच्या सहापैकी चार कुर्ते रेयॉनचे निघाले.

सुरकुत्यांचं काय?

सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलाव्याने ते बंध सुटतात, आणि कपडा जसा दुमडलेला असेल तसेच पुन्हा जुळतात. झाली सुरकुती. पॉलिएस्टर मऊ पडायला साधारण 70 ते 80 अंश तापमान लागतं, तेवढं बॅगेत होत नाही. टेरिकॉटच्या शर्टाची घडी दिवसभर टिकायची ती यामुळेच.

हाच गुण उलटा वापरला की पॉलिएस्टरला गरम करून कायमच्या चुण्या पाडता येतात. जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी 1993 मध्ये 'प्लीट्स प्लीज' हे कपडे आणले ते याच तत्त्वावर. गुंडाळून बॅगेत टाका, काढा, घाला. तसल्या बारीक चुण्यांचे कुर्ते आता साध्या किमतीतही मिळतात. आईला हे दाखवल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "हे बरं दिसतंय हं."

पॉलिएस्टरची दुसरी बाजू

वास! बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये 26 जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरच्या टी-शर्टांचा वास सुतीपेक्षा जास्त वाईट होता. मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू पॉलिएस्टरवर चांगलेच वाढतात असंही त्यांना दिसलं. त्यामुळे पॉलिएस्टर रोज रात्री धुवायचं, हे त्याच्या लवकर वाळण्याचं भाडं समजा.

आणि खिसे विसरू नका. 'द पुडिंग' या संकेतस्थळाने 2018 मध्ये अमेरिकेतल्या 20 ब्रँडच्या 80 जीन्स मोजल्या. बायकांच्या पुढच्या खिशांची खोली पुरुषांपेक्षा सरासरी 48 टक्के कमी भरली. डोंगरात फोन, औषध आणि सुटे पैसे हाताशी हवेत, म्हणून मॉडेलचा हात खिशात कुठपर्यंत गेलाय ते फोटोत बघा.

शेवटी काय घेतलं?

आतून अंगालगत पातळ मेरिनो लोकरीचा टॉप. महाग होता, म्हणून एकच. त्यावर चुण्यांचा पॉलिएस्टरचा कुर्ता, गर्द निळा, रंग आईच्या पसंतीचा. खाली नायलॉनची पँट, थोडं स्पँडेक्स असलेली, म्हणजे पाऊल उंच टाकताना ताणली जाते. ती सलवारसारखी सैल असल्यामुळे 'ट्रॅकपँट' ठरली नाही! वरून रेनकोट.

एक माझी चूकही सांगते. गेल्या वर्षी मी स्वतः 'लिनन पँट' म्हणून एक मागवली. आतल्या लेबलवर लिनन 15 टक्के, बाकी पॉलिएस्टर. पानावर शेवटच्या ओळीत तसं लिहिलेलंही होतं, मीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून पार्सल आलं की टॅग काढायच्या आधी दोन गोष्टी करते: आतलं लेबल पानावरच्या ओळीशी ताडून बघते, आणि कापडाचा कोपरा मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडते. चुरगळ तशीच राहिली, तर 'रिंकल फ्री' हे फक्त नाव.

आईने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि तरी एक सुती साडी बाजूला काढलीच. "दर्शनाला हीच."

मी वाद घातला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोरडी वर नेली आणि खोलीवर पोचल्यावर कोरड्या अंगावर नेसली, तर वरून शाल घेतल्यावर सुती साडीत काहीच वाईट नाही. पिशवी मात्र मी दोनदा गाठ मारून दिली आहे.