टाकीच्या तळाची वाटी

प्रीमियर पद्मिनी घेऊन मे महिन्यात बोरघाट चढणाऱ्यांना एक उपाय तोंडपाठ होता. गाडी आचके देत थांबली की बॉनेट उघडायचे, इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपाला ओले फडके गुंडाळायचे आणि निवेपर्यंत वाट पाहायची. बहुतेक वेळा पंपात बिघाड काहीच नसे. इंजिनाला चिकटलेला तो पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणायचा. ओढताना नळीतला दाब उतरतो, त्यात इंजिनाची धग. मग पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंप नुसता हलत राहायचा.

कार्बोरेटरला बारच्या तिसऱ्या हिश्शाएवढा दाब पुरत असे, म्हणून ते खपून गेले. 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेले आणि इंजेक्टर आले. त्यांना साधारण 3 ते 4 बार दाब लागतो, तोही एकसारखा. त्यासाठी विजेवर चालणारा पंप थेट टाकीत बसवला गेला. तिथून तो पेट्रोल पुढे ढकलतो, आणि दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही.

मात्र पंप टाकीत सोडला की काम भागले, असे होत नाही. टाकीत सात-आठ लिटरच उरले असतील तर खंबाटकीच्या वळणावर सगळे पेट्रोल एका कडेला धावते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. क्षणभर जरी दाब उतरला, तरी इंजिन अडखळते. म्हणून पंपाभोवती प्लास्टिकची एक वाटी असते. पंप, वाटी आणि सोबतचे भाग मिळून जो संच बनतो, त्या मॉड्यूलची खरी करामत या वाटीत आहे. बाहेर पेट्रोल कितीही हिंदकळो, पंपाभोवती ते साठलेले राहते.

वाटी भरण्याची युक्तीही पाहण्यासारखी आहे. ताशी 80 किलोमीटरने जाणारी, लिटरला 16 देणारी गाडी तासाला 5 लिटर पेट्रोल जाळते. पंपाची क्षमता त्याच्या कितीतरी पट असते. जास्तीच्या प्रवाहातला थोडा भाग बारीक छिद्रातून जोरात सोडतात. त्या झोताबरोबर टाकीच्या तळाचे पेट्रोल ओढले जाऊन वाटीत पडते. या कामाला वेगळी मोटर नाही की हलणारा भागही नाही. दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटरही बहुतेक गाड्यांत इथेच असतो. पूर्वी उरलेले पेट्रोल इंजिनापर्यंत जाऊन, तापून टाकीत परतायचे. आता ते टाकीतल्या टाकीतच वळते.

मागचे सीट उचलून, झाकण काढून मेकॅनिक हे मॉड्यूल बाहेर काढतो, ते पाहावे. ठिणगी उडू नये म्हणून लॉक रिंग पितळी छिन्नीने ठोकत फिरवायची. मग फ्लोटची तार वाकू नये म्हणून अख्खे मॉड्यूल तिरपे करत वर घ्यायचे. वाटीतले पेट्रोल आधी टाकीत ओतायचे. खाली जाळी, मध्ये पंप, बाजूला काटा दाखवणारा फ्लोट. वरच्या झाकणाला स्प्रिंगच्या दोन दांड्या असतात. टाकी फुगली-आकसली तरी त्या वाटीला तळाशी दाबून धरतात. रबरी सील मात्र नवेच टाकायचे, कारण पेट्रोलने फुगलेले जुने सील पुन्हा खाचेत बसत नाही.

विजेची मोटर पेट्रोलात बुडवायची म्हटल्यावर कुणालाही धास्ती वाटेल. पण पेट पडायला हवा लागते. द्रवात ती नसते, आणि टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की एरवी ती पेटायला पुरेशी हवाच उरत नाही. उलट मोटरमधून वाहणारे पेट्रोल तिला थंड ठेवते आणि वंगणाचेही काम करते. 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यावर पंपाचे धातू, रबर आणि प्लास्टिक हे सगळे त्याला सोसणारे लागते, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि गंज वाढवते.

टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये, हा जुना सल्ला आजही बरोबर आहे, पण तळाच्या गाळामुळे नव्हे. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी वाटीत पेट्रोल तळातूनच येते. सतत रिझर्व्हवर चालणाऱ्या गाडीत मात्र वाटी पुन्हापुन्हा रिकामी होते, पंप हवा ओढतो आणि ज्या पेट्रोलाने मोटर निववायची तेच तिला मिळत नाही. शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून गाडी हाकणाऱ्याच्या पंपाचे आयुष्य त्यामुळेच कमी होते.