शाई फुटलेली अक्षरं

हल्ली मुखपृष्ठाचं किंवा पोस्टरचं काम घेऊन येणारा माणूस हमखास 'जुना लूक' मागतो. पिवळट कागद, फुटलेली शाई, जरा तिरकं बसलेलं अक्षर. असला पोत आता एका क्लिकवर मिळतो. रायपूरच्या चौबे कॉलोनीत बसून ही कामं करताना माझा ओढा मात्र मूळ वस्तूंकडे, म्हणजे मराठी अनियतकालिकांकडे वाढत गेला. त्या अंकांचं रूप घडलं कसं, हे समजून न घेता नुसती शाई उचलणं मला अन्यायाचं वाटतं.

सुरुवात १९५४ च्या सुमाराची. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी मुंबईत 'शब्द' हे अनियतकालिक काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून. यामागे साधा हिशोब होता. छापखान्यात देवनागरीचा मजकूर जुळवायचा म्हणजे शेकडो खिळ्यांचे खण, काना-मात्रा-जोडाक्षरांची वेगळी तजवीज, कंपोझिटरची मजुरी. शिवाय मालकाने मजकूर वाचून नाक मुरडलं की काम थांबलं. स्टेन्सिलच्या मेणकागदावर टाइप करा नाहीतर अणकुचीदार लेखणीने थेट लिहा, रूळ फिरवा, प्रती तयार! शाई फुटायची, मागच्या पानावर उमटायची. पण कवी आणि वाचक यांच्यामध्ये परवानगी देणारं कुणी उरत नव्हतं. फुटलेल्या शाईचा अर्थ मला तिथे सापडतो.

हे वारं मुंबईपुरतं नव्हतं: १९६२ मध्ये अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग भारतात आला, कोलकात्यात भुकेल्या पिढीचे (हंग्री जनरेशन) कवी बुलेटिनं वाटत होते, १९६५ मध्ये अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा मित्रांसह 'डॅम यू' हे सायक्लोस्टाइल अनियतकालिक काढू लागले. मराठीत अशोक शहाणे यांनी १९६३ मध्ये 'मनोहर'मधल्या लेखात प्रस्थापित वाङ्मयाची झडती घेतली आणि 'असो' काढलं. मग 'फक्त', 'येरू', 'वाचा', 'विद्रोह' अशी रांगच लागली. नावं पाहा, एकालाही साहित्यिक अत्तराचा वास नाही. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी 'येरू'मध्ये 'सत्यकथे'वर तोफ डागली, त्या मासिकाचा अंकही जाळला गेला. पुढे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. मराठी साहित्याचा नकाशा असा दोन दशकांत बदलला, आणि त्या बदलाची बरीच सामग्री दोन-चार अंकांतच बंद पडलेल्या पत्रिकांमध्ये होती.

माझ्यासारख्या अक्षरांवर पोट असलेल्या माणसाला या सगळ्यात कोलटकर सर्वांत जवळचे वाटतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार जाहिरातक्षेत्रात नावाजलेला होता. जाहिरातकलेतला कॅग पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला. गुळगुळीत, विकाऊ मांडणी कशी करतात हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांच्यासोबत त्यांनी क्लिअरिंग हाउस ही कवींची स्वतःची प्रकाशन संस्था सुरू केली, तिच्या पुस्तकांचं रूपही त्यांनीच ठरवलं. त्यांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह त्यातलाच. पुढच्याच वर्षी शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' आणलं. कवीने अक्षराची जात, कागद, समास ठरवायचे, ओळ कुठे मोडायची हे पानाच्या रुंदीवर सोडायचं नाही, ही शिस्त मी तिथून शिकलो. १९८३ मध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता प्रासने पोस्टर म्हणून छापली. पुस्तकात झाकून न ठेवता कविता भिंतीवर लावायची! तिच्या पुनर्मुद्रणावरून सुरू झालेला खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. जुन्या पोस्टरचा पोत उचलणाऱ्याने हा इतिहासही उचलावा, असं मला मनापासून वाटतं.



हे सगळं मुंबईचं झालं, रायपूरशी त्याचा काय संबंध, असं इथले मित्र विचारतात. संबंध आहे, आणि जुना आहे. १९०० मध्ये पेंड्र्याहून निघालेल्या 'छत्तीसगढ़ मित्र' या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले. इथून जवळच्या राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध शिकवत आणि हिंदीत लिहीत होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत होते. १९७१ मध्ये रायपूरच्या विनोदकुमार शुक्ल यांच्या कवितांची पहिली पुस्तिका 'लगभग जयहिन्द' आली ती अशोक वाजपेयींच्या 'पहचान' मालिकेत. पातळ पुस्तिकेतून मोठा लेखक पुढे येणं आमच्या शहरालाही अनोळखी नाही.

जतनाचं म्हणाल तर भोपाळला १९८४ पासून सप्रे यांच्या नावाचं समाचारपत्र संग्रहालय आहे. मुंबईच्या कवींचे कागद अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जमवले जात आहेत. ते तिथे सुरक्षित राहतील याचा आनंद आहे. पण चौबे कॉलोनीतल्या एखाद्या मुलीला ते हाताळता येणार नाहीत याची रुखरुखही आहे. कागदाचा खरखरीतपणा, शाईचा उठाव स्कॅनमध्ये कळत नाही.

इथलं महाराष्ट्र मंडळ १९३५ चं. त्याच्या आसपासच्या मराठी घरांत, माळ्यावर, ट्रंकांत अजूनही काही ना काही असणारच: गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, हौशी नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, स्थानिक छापखान्यांत जुळवलेली मराठी अक्षरं. हिंदी शहरातल्या कंपोझिटरने 'ळ' कुठून आणला असेल? ते कागद रद्दीत जाण्याआधी निदान फोटो काढून, साल आणि छापखान्याचं नाव टिपून ठेवावं. घर आवरायला काढलंत तर मला हाक मारा. मी येतो.