टी. नगरच्या रस्त्यांसाठी सायकल निवडताना

सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने ओळखले जाणारे चेन्नईचे त्यागरायनगर, म्हणजेच सर्वांचे टी. नगर, हे खरेदीदारांचे माहेरघर होय. दिवाळीच्या तोंडावर रंगनाथन स्ट्रीटवर मुंगीलाही पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मोटार उभी करण्यापेक्षा सायकल बरी, असा विचार येथे रोज ये-जा करणाऱ्याच्या मनात आल्यास नवल नाही. याच महानगरातील टी. आय. सायकल्स या १९४९ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या हर्क्युलिस व बीएसए सायकली महाराष्ट्रातही घरोघरी परिचित आहेत.

दुकानात मात्र ग्राहक भुलतो तो जाड, खाचदार टायरच्या आणि पुढे स्प्रिंग असलेल्या सायकलीला. डांबरी रस्त्यावर असे टायर चालवणाऱ्याचा दम काढतात. स्वस्त स्प्रिंग वजन वाढवते व पेडलवरच्या जोराचा काही भाग स्वतःच गिळते. याउलट शर्यतीच्या सायकलीचे अरुंद टायर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात हार खातात. यांच्यामधला प्रकार म्हणजे हायब्रिड: ७००-सी मापाची चाके, ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर आणि स्प्रिंगविरहित पुढचा फोर्क. उस्मान रोडवरील खोदकामाचा पट्टा आणि रविवारी समुद्राकाठची कच्ची वाट, दोन्ही तिला झेपतात.

गिअरच्या आकड्याला भुलू नये. चेन्नई सपाट आहे. उड्डाणपूल हाच काय तो चढ. मागे सात-आठ गिअर पुरेसे होतात.

खरी कसोटी लागते ती ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात. ओल्या रिमवर रबरी ब्रेक उशिरा पकड घेतात, तेव्हा डिस्क ब्रेकसाठी थोडे अधिक मोजणे योग्य ठरते. मडगार्ड आणि कॅरिअर बसविण्यासाठी सांगाड्याला छिद्रे आहेत ना, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. नंतर ती पाडता येत नाहीत. सायकलीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यास आडव्या नळीवर दोन-तीन बोटे मोकळी राहावीत. हेल्मेट, दिवे व भक्कम कुलूप यांचा खर्च किमतीतच धरावा. हप्त्याने घेणारे नेमके हेच विसरतात.

खाऱ्या हवेमुळे साखळी लवकर गंजते, म्हणून ती आठवड्याला पुसून तेल द्यावे. साचलेल्या पाण्यात चाकाचा मध्य बुडालाच, तर तेथील ग्रीस लगेच बदलून घ्यावे. मात्र तळ दिसत नसेल अशा पाण्यात उतरूच नये. खाली उघडे गटार असू शकते.