मुलगा होडीवरून उतरल्यावर

वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) कोळीवाड्यात घरची होडी घरच्याच माणसांनी चालवायची, अशी जुनी रीत. बाप तांडेल, म्हणून सुकाणूवर, मोठा मुलगा पुढे नाळेवर, भाऊ-पुतणे जाळ्यावर. आता अनेक घरांत शिकलेला मुलगा नोकरीला लागतो आणि होडीवरून उतरतो. घर तो सोडत नाही, झोपतो त्याच छपराखाली. होडीवरची कामे मात्र नव्याने वाटावी लागतात आणि ती घडी बसायला हंगाम-दोन हंगाम जातात.

नोकरी सांभाळून दर्याही सांभाळणे डोलीच्या मासेमारीत जवळजवळ अशक्य असते. डोल म्हणजे शंकूच्या आकाराची लांबलचक जाळ्याची पिशवी. तिचे तोंड प्रवाहाकडे करून ती समुद्रतळाशी पक्की बांधतात. बोंबील, जवळा, मांदेली प्रवाहाबरोबर आत शिरतात आणि शेवटच्या बारीक छिद्रांच्या भागात, खोल्यात, साठतात. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबते तेवढ्या अवधीत खोला उचलावा लागतो. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. 2014 साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि कचेऱ्या कोळीवाड्याच्या हाकेच्या अंतरावर आल्या. पण कचेरीची वेळ तीच राहते, पाण्याची राहत नाही. मुलगा म्हणतो, रविवारी येईन. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात डोलीला जोर असतो. अष्टमीच्या आसपास भांगाला प्रवाह मंदावतो, डोली किनाऱ्यावर येतात. रविवार भांगात पडला, तर त्याला दर्यावर काही कामच नसते.

मुलाची उणीव पहिल्यांदा जाणवते ती डोलीच्या जागेवर तरंगणारा बोया धरताना. अंधारात तांडेल होडी हळू करत बोयापाशी आणतो, नाळेवरचा माणूस वाकून आकडी टाकतो, दोर हाताला लागला की मागे न बघता मोकळा हात वर करतो. त्या हाताबरोबर इंजिनाचा जोर उतरला पाहिजे. जरा उशीर झाला तर दोर हातातून सरकतो, नाहीतर पंख्यात जाण्याची भीती. बाप-लेकांत हे वर्षानुवर्षांच्या सवयीने जमलेले असते. मुलाचा खांदा कसा वळला यावरूनच बापाला पुढचे कळते. नवा खलाशी उत्तर प्रदेश, झारखंड किंवा नेपाळमधून आलेला असतो. तो कष्टाला कमी नसतो, पण त्याचा खांदा तांडेलाला अजून वाचता येत नाही. मग खुणा ठरवाव्या लागतात: बॅटरीची एक उघडझाप म्हणजे थांब, दोन म्हणजे मागे घे. खलाशी खोला, उधाण, भांग हे शब्द शिकतो. तांडेल हिंदीत हुकूम द्यायला शिकतो.

पैशाचे गणितही बदलते. मुलगा पगार मागत नव्हता. त्याचा वाटा घरातच राहत होता. खलाशाला पगार, जेवण आणि हंगामाआधी उचल द्यावी लागते. त्याची ओळखपत्रेही बरोबर ठेवावी लागतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर समुद्रावरची तपासणी कडक झाली आहे. मासळी विकणे आणि हिशेब ठेवणे कोळणीच्या हातात असते, त्यामुळे हा नवा खर्च आधी तिच्या टोपलीवर येतो. मासळी कमी लागलेल्या महिन्यात मुलाच्या पगारातून डिझेल आणि बर्फ भरला जातो. उतरलेला मुलगा अशा रीतीने होडी चालवतच असतो, आणि घरात ते मानलेही जाते.

भांगाचे दिवस त्यातल्या त्यात सोपे. फाटलेली डोल पसरलेली असते. संध्याकाळी कामावरून आलेला मुलगा सुई-दोरा घेऊन बापाच्या शेजारी बसतो. बोटे विसरलेली नसतात. दर्यावरची अर्धी बोलणी इथे होतात: कुठला दोर झिजला, कोणता खलाशी टिकेल.

सहज भरून न येणारी जागा एकच, तांडेलकीची. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एखादा डोंगर आणि एखादी इमारत, एका रेषेत आल्या की डोल जवळ आली, हे मुलगा बापाच्या बाजूला उभा राहून शिकतो. आज जीपीएस जागा दाखवतो. पण वारा फिरायच्या आधी पाणी कसे दिसते, कुठल्या ओढीने जाळ्याला पीळ पडतो, हे यंत्रावर उमटत नाही, आणि ते शिकवायला लागणारी वर्षे पुढच्या हंगामाची खात्री नसलेल्या खलाशाला कोणी देत नाही. हे नुकसान घरापुरते नाही, साऱ्या कोळीवाड्याचे आहे. काही घरांत पुतण्याला पुढे बसवतात. काही तांडेल दोन हंगाम टिकलेल्या खलाशालाच खुणा दाखवू लागतात. जिथे दोन्ही जमत नाही तिथे होडी विकायची बोलणी सुरू होतात.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेवढ्या काळात होडीची डागडुजी होते, रंग लागतो, खलाशी गावी जातात, त्यातले कोण परत येणार हे फोनवर ठरते. नारळी पौर्णिमेला मुलगा रजा काढतो, बापाबरोबर दर्याला नारळ वाहतो. पुढच्या उधाणाला होडी निघते तेव्हा तो धक्क्यावरून दोर सोडून देतो आणि नाळेवरचा खलाशी तो ओढून घेतो.