घरच्या मैदानाचे मोल

आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो, हे कुणी शिकवावे लागत नाही. पण हा वाघ नेमका किती गुणांचा, असे कुणी विचारले तर?

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचे निकाल पाहताना मी बरीच वर्षे एक सोपी चूक करीत आलो. यजमानांचे विजय मोजायचे, तीनपैकी साधारण दोन सामने तेच जिंकतात हे पाहायचे आणि सारे श्रेय प्रेक्षकांच्या आरोळ्यांना देऊन मोकळे व्हायचे. ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियमच घ्या. १९४० सालची वास्तू, आसने अवघी ९,३१४ आणि विद्यार्थी मैदानाला अगदी खेटून उभे. तिथे पाहुण्यांना घाम फुटणारच, असे वाटे.

मग लक्षात आले की पाहुणा कोण, हे पुष्कळदा पैशाने ठरते. हंगामाच्या आरंभी मोठी कॉलेजे छोट्यांना बिदागी देऊन आपल्याकडे बोलावतात. परतभेटीला मात्र जात नाहीत. अशा सामन्यात यजमान तीस गुणांनी जिंकला, तर तो प्रताप मैदानाचा की ताकदीचा?

खरे माप हवे असेल तर दोन्ही संघ एकमेकांच्या घरी खेळले पाहिजेत. आयव्ही लीगमध्ये आठ संघ आहेत. प्रत्येक संघ इतर सातांशी घरी आणि बाहेर असे १४ सामने खेळतो. समजा, एक संघ घरी १० गुणांनी जिंकला आणि त्याच प्रतिस्पर्ध्याच्या घरी ४ गुणांनी. फरक सहाचा, त्याचा निम्मा, म्हणजे ३ गुण, हा मैदानाचा वाटा. उरलेले ७ गुण संघाच्या स्वतःच्या बळाचे. अर्थात एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. असंख्य जोड्यांची सरासरी काढली की उत्तर तीन-चार गुणांच्या आसपास येते. एवढ्या गदारोळाची किंमत फार तर दोन बास्केट!

पण त्या तीन-चार गुणांवर बरेच काही अवलंबून असते. मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना समितीपुढे गुणांकन असते. १९८१ पासून वापरात असलेल्या 'आरपीआय' पद्धतीत घरचा विजय आणि बाहेरचा विजय दीर्घकाळ सारखेच धरले जात. २००४-०५ च्या हंगामापासून घरच्या विजयाला ०.६ आणि बाहेरच्या विजयाला १.४ असे वजन मिळाले. २०१८ मध्ये ती पद्धत जाऊन 'नेट' आली. सामना कुठे झाला याचा विचार मात्र तिच्यातही होतो.

छोट्या कॉलेजांना एवढा न्याय मिळाला, हे चांगलेच झाले. तरी मनात एक रुखरुख राहते. बलाढ्य संघ त्यांच्या गावी येतच नाहीत, तोवर ते तीन-चार गुण त्यांना कागदावर मिळतील. स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, हातघाईच्या सामन्यात ते कधी वापरायला मिळणार?